बिस्किटची सकाळ

"बिस्किट येणार नसेल तर मीही येणार नाही," हिलरीनं सांगून टाकलं आणि ती बटाटे सोलत राहिली.

क्लिफर्ड स्वयंपाकघराच्या दारात काठी टेकून उभा होता. त्याचा उजवा हात वसंतात आलेल्या अर्धांगाच्या झटक्यापासून बहुतेक वेळ खिशातच असे. हिलरी आदळआपट करेल, चार दिवस अबोला धरेल आणि मग तयार होईल, असा त्याचा हिशेब होता. पण बाई शांत होती. हिलरी शांत असली की घरातल्या माणसांनी समजून जायचं, की आता हे पालथ्या घड्यावर पाणी. जन्मभर एका शाळेच्या कचेरीत बसून तिनं उनाड पोरांचे आईबाप झेलले होते. तिथं आवाज चढवायची तिला कधी गरज पडली नव्हती.

झालं होतं ते असं. दुपारी त्यांच्या मुलीचा, लॉरेनचा, इंग्लंडहून फोन आला. साउथपोर्टला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, खास म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली घरं आहेत, त्यातलं एक रिकामं झालं होतं. रिकामं झालं म्हणजे आधीच्या बाई वर गेल्या होत्या, पण लॉरेन अशी बोलत नाही. घर तळमजल्यावर, दवाखाना हाकेच्या अंतरावर, न्हाणीघरात धरायला दांडे, आणि ओढली की माणूस धावत येईल अशी भिंतीला एक लाल दोरी. नाताळच्या आत राहायला या, असं तिचं म्हणणं. बोलता बोलता तिनं विचारलं, कुत्रीची सोय कुठं केलीत? तिथं कुत्री चालत नाहीत, हे बाबांनी सांगितलंय ना तुला?

बाबांनी सांगितलेलं नव्हतं. बाबा त्या वेळी अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे फार बारकाईनं बघत होते.

तसं पाहिलं तर परत जाण्यात नवल काहीच नव्हतं. स्पेनमधल्या बेनियालफारच्या त्या डोंगरात एके काळी इंग्रजांची पंधरा-वीस घरं होती, आणि हल्ली दर हिवाळ्यात त्यातलं एखादं उठत होतं. साठीत डोंगरावर घर घेणं सोपं असतं. बदामाचा बहर दिसतो, ऊन दिसतं, दारूची स्वस्ताई दिसते. ऐंशी जवळ आली की त्याच डोंगराला पायऱ्या फुटतात. मग कुणाची नजर जाते आणि गाडी चालवणं सुटतं, कुणाचा नवरा जातो, आणि उरलेलं माणूस लेकीच्या गावचा रस्ता धरतं. क्लिफर्ड बर्नलीच्या बस आगारात तपासनीस होता. एकोणीस वर्षांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा त्यानं छत्री आगारातच सोडली आणि बायकोला घेऊन इथं आला. आता मरेपर्यंत हलायचं नाही, असं तेव्हा दोघंही म्हणाली होती. सगळेच म्हणतात.

कुत्रीमुळे आपल्याला नाही म्हणायला कारण मिळालं, याचं हिलरीला त्या क्षणी आतून कुठंतरी बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

बिस्किट त्यांच्याकडे आली त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. एका गारठलेल्या संध्याकाळी ती फाटकाशी येऊन बसली. उंच काटकुळे पाय, उभे मोठे कान, त्यातला एक फाटलेला, गळ्यात तुटलेला दोर, आणि बरगड्या अशा की एकेक मोजून घ्यावी. हिलरीला रडू फुटलं. ही स्पॅनिश माणसं मुक्या जनावरांशी कशी वागतात, हे इंग्रजांच्या चहापानात नेहमीच बोललं जायचं. आता त्याचा पुरावाच दारात येऊन बसला होता. क्लिफर्डनं तिला आत घेतलं, जमिनीवर बसून हातानं कोंबडी भरवली. अंघोळ झाली, जंतांचं औषध झालं, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालं, गळ्यात लाल पट्टा आला. भटक्या कुत्र्यांसाठी आश्रम चालवणाऱ्या डॅफ्नी ऑल्ड्रिजनं तर तिचा फोटो काढून आश्रमाच्या कॅलेंडरवर छापला. डिसेंबरच्या पानावर, डोक्याला नाताळची टोपी घालून. त्याची एक प्रत गावातल्या बारमध्ये भिंतीला लागली. ते डिसेंबरचं पान पुढं कधी उलटलंच नाही. वर्षामागून वर्षं गेली तरी बिस्किट तिथं टोपी घालून उभीच. गावकऱ्यांच्या मनात थोडी तरी दया जागी झाली, असं हिलरी त्या पानाकडे पाहून म्हणायची.

कुत्री गुणी होती, पण थोडी विचित्र. बस म्हटलं की बसायची नाही, ये म्हटलं की यायची नाही. "लहानपणी फार सोसलंय तिनं," असं हिलरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. सकाळचं खाणं ती तोंडात धरत नसे. उजाडलं की कुंपणाच्या फटीतून बाहेर पडायची ती ऊन चढल्यावर धुळीनं माखून परत यायची, आणि मग दिवसभर सोफ्यावर पसरायची. क्लिफर्डला आगाराची सवय. सकाळी कुणी विचारलं, बिस्किट कुठं आहे, की तो म्हणायचा, "कामावर गेलीय." हा विनोद त्यानं बारा वर्षं केला, आणि हिलरी बारा वर्षं हसली. लग्न टिकतं ते असंच.

तर आता या म्हाताऱ्या कुत्रीचं करायचं काय, यावर घोडं अडलं. हिलरी चार घरं फिरली. एका बाईंकडे आधीच तीन कुत्री होती. एका जोडप्याचं स्वतःचंच सामान खोक्यांत भरून तयार होतं. घर विकत घेणारे डच नवराबायको भले होते, पण त्यांच्या मांजरांना कुत्रा खपत नव्हता. शेवटी ती डॅफ्नीकडे गेली. डॅफ्नीनं तिला चहा दिला, केक दिला, आणि मग हळूच सांगितलं की तेरा वर्षांची कुत्री कुणी नेत नाही. आश्रमात जाळीमागे शेवटचे दिवस काढण्यापेक्षा डॉक्टरांना घरी बोलवावं, सोफ्यावरच सुई द्यावी. तिला काही कळणार नाही. तेच खरं प्रेम.

हिलरी केक तसाच टाकून उठली.

घरी आल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा क्लिफर्डनं आधी काठी खुर्चीला टेकवली. मग म्हणाला, खालच्या एलिसेओला विचारून बघू या का?

एलिसेओ म्हणजे त्यांचा खालच्या अंगाचा शेजारी. ऐंशीच्या घरातला म्हातारा, उतारावरच्या बदामाच्या आणि ऑलिव्हच्या चार पायऱ्यांच्या शेताचा मालक, बायको जाऊन काही वर्षं झालेली. कुंपणावरून कधी कांदे द्यायचा, कधी काकड्या. पण तो सशांची शिकार करायचा आणि कुत्री गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवायचा. हिलरी आणि डॅफ्नी एकदा मुद्दाम त्याच्याकडे जाऊन जनावरांशी कसं वागावं याचं व्याख्यान देऊन आल्या होत्या. जाताना कुत्र्यांसाठी दोन जाड कांबळी नेली होती. दुसऱ्या दिवशी ती कांबळी एलिसेओच्या बटाट्यांच्या ढिगावर पांघरलेली दिसली. त्यानंतर हिलरीनं त्या माणसाचं नाव टाकलं होतं. बिस्किटला हाकलून देणारा हाच असावा, असा तिचा पहिल्यापासून वहीम होता.

"त्याच्याकडे?" ती म्हणाली. "तो तिला दोरीनं बांधेल."

"दोरी सुईपेक्षा बरी," क्लिफर्ड म्हणाला.

हिलरीनं मनातल्या मनात स्पॅनिश वाक्यं जुळवली. संध्याकाळच्या वर्गात शिकलेली तिची भाषा बाजारहाटाला पुरायची. उपकार मागायला ती कधी वापरलेली नव्हती. एलिसेओ उजाडताच रानात निघून जातो म्हणून दुसऱ्या दिवशी ती चहासुद्धा न घेता, नाक मुठीत धरून खालची वाट उतरली. बिस्किट नेहमीसारखी आधीच निघून गेली होती.

एलिसेओच्या अंगणात तीन कुत्री ओळीनं बसली होती. दोन त्याची. तिसरीच्या गळ्यात लाल पट्टा होता.

हिलरी फाटकातच थबकली. बिस्किट बसली होती. सांगितल्यावर बसतात तशी, पाठ ताठ, कान उभे, नजर म्हाताऱ्याच्या हातावर. एलिसेओ पावाचे तुकडे मटणाच्या पाण्यात बुडवत होता. त्यानं जीभ टाळ्याला लावून एक बारीक आवाज काढला, पहिलं कुत्रं पुढं आलं, खाल्लं, मागं गेलं. मग दुसरं. मग तो म्हणाला, "कनेला," आणि बिस्किट उठून आली आणि तिनं त्याच्या तळहातात नाक घातलं.

"या बाई," एलिसेओ वर न बघताच म्हणाला. "कॉफी घेणार?"

"ही इथं काय करते?"

"न्याहारी."

"रोज?"

"रोज. रात्री तुमच्याकडे जेवते, सकाळी इथं. आपल्या सगळ्यांत तीच एक शहाणी."

हिलरीनं जवळचं एक पालथं खोकं पाहिलं आणि त्यावर बसली. तुम्ही हिला केव्हा पाळलीत, असं काहीतरी तिनं विचारलं. एलिसेओला प्रश्नच कळला नाही.

"पाळली म्हणजे? माझीच आहे ती. त्या खोलीत जन्मली. या दोघी तिच्या बहिणीच्या नाती."

"तिच्या गळ्यात दोर होता."

"होता की. मीच बांधला होता. तोडून पळाली. तरणी होती, अंगात मस्ती होती."

"कान फाटला होता."

"रानडुकरानं."

"बरगड्या दिसत होत्या."

एलिसेओनं शेजारच्या दोघींकडे पाहिलं. मग हिलरीनंही पाहिलं. दोघींच्या बरगड्या चांगल्या दिसत होत्या, आणि दोघी मजेत होत्या.

"या जातीच्या दिसतातच, बाई. कुत्री जाडी झाली तर सशामागं पळणार कोण? मी?"

धोब्याचं कुत्रं घरचं ना घाटचं म्हणतात. हे कुत्रं बारा वर्षं घरचंही होतं आणि घाटचंही, आणि दोन्हीकडून जेवत होतं. हे ध्यानात यायला हिलरीला तेवढा वेळ लागला जेवढा एलिसेओला कॉफी ओतायला. तिचा चेहरा कानापर्यंत तापला. मग तुम्ही मला सांगितलं का नाहीत, असं तिनं विचारलं तेव्हा तिचा आवाज शाळेच्या कचेरीतला राहिला नव्हता.

एलिसेओ तिच्यासमोर दगडी कट्ट्यावर बसला. तिच्याशी तो नेहमी सावकाश आणि मोठ्यानं बोलत असे, बहिऱ्याशी बोलावं तसं. आज तो नुसता सावकाश बोलला.

"आलो होतो सांगायला. दुसऱ्याच दिवशी. तुमच्या दारातून बघितलं, तुमचे मालक फरशीवर बसून तिला हातानं भरवत होते, आणि तुम्ही तिच्या मानेत तोंड घालून रडत होतात. तसाच मागं फिरलो. घरी बायकोला, अंपारोला म्हटलं, इंग्रजांनी कनेला नेली. ती म्हणाली, नेऊ देत. त्यांचं इथं आहे कोण? कुत्रीला पाय आहेत, वाटेल तेव्हा येईल. तर दुसऱ्या दिवशी उजाडताना दारात हजर. लाल पट्टा घालून. अंपारो इतकी हसली, की खुर्ची धरावी लागली तिला."

त्याचा हात कुत्रीच्या पाठीवर होता.

"नंतर मात्र मला राग आला. तुम्ही तिचं ऑपरेशन केलंत. हिच्या आईसारखी कुत्री या डोंगरात नव्हती, आणि ही आईच्या वरताण. मला तिची पिल्लं हवी होती. चार महिने मी तुमच्याशी बोललो नाही."

"मला कळलंच नाही," हिलरी म्हणाली.

"कळणार कसं? तेव्हा आपण बोलत कुठं होतो?"

त्यात टोमणा नव्हता. एखाद्या साली गारा पडल्या आणि बदाम गेले, हे जसं सांगतात तसं त्यानं ते सांगितलं. हिलरीला क्षमा मागायची होती. पण दुकानात कुणाला धक्का लागला तर जो शब्द म्हणतात तेवढाच तिला येत होता, आणि तो इतक्या मोठ्या गोष्टीला पुरा पडत नव्हता. तिनं तो तीनदा म्हटला. तिसऱ्यांदा एलिसेओनं माशी उडवावी तसा हात हलवला.

मग तिनं घरून जुळवून आणलेलं वाक्य काढलं. आम्ही इंग्लंडला परत जातोय. कायमचे. तुम्ही हिला ठेवाल का?

"ठेवाल म्हणजे?" एलिसेओ म्हणाला. "ती कुठं जातेय?"

हिलरीनं कॉफीचा कप खाली ठेवला आणि ती रडली. कुत्री तिच्याजवळ आली, गुडघ्याला एकदा हुंगलं, आणि परत जाऊन रांगेत बसली. सकाळ होती; तिची कामं होती.

एलिसेओनं तिला रडू दिलं. मग व्यवहाराचं विचारलं: संध्याकाळी तुम्ही हिला काय घालता? सवय मोडायला नको. हिलरीनं डोळे पुसत सांगितलं, की जेवणात भात आणि मांस, आणि चार वाजता बशीत चहा. दूध घालून. आणि त्यात बुडवून एक बिस्किट.

त्या सकाळी पहिल्यांदाच एलिसेओच्या चेहऱ्यावर धक्का दिसला.

"चहा? कुत्रीला?" तो म्हणाला. "आणि कांबळी घेऊन शिकवायला मला आलात."

घरी येऊन हिलरीनं सगळं सांगितलं तेव्हा क्लिफर्ड हसायला लागला. त्याचं हसू आजारानंतर एका बाजूला कललं होतं. ते तसंच कलत कलत वाढत गेलं आणि शेवटी त्याला सोफ्यावर बसावं लागलं.

"म्हणजे कुत्री आपण चोरली," तो म्हणाला, "आणि वर त्यालाच प्राणिदयेचं व्याख्यान दिलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच."

"आपण नाही. मी. तू फक्त कोंबडी भरवलीस."

"मग बारमधलं ते पान?"

हिलरीच्या ते अजून डोक्यात आलं नव्हतं. आता आलं. अख्ख्या गावाला माहीत होतं. पाववालीला, पोस्टमनला, चर्चच्या दारात बसणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना. एलिसेओची कनेला, डोंगरातली सगळ्यात चपळ शिकारी कुत्री, इंग्रजांच्या नाताळच्या टोपीत. कोण कशाला उलटेल ते पान? बारा वर्षं ती दुकानात जाऊन कुत्रीच्या दुःखी बालपणाच्या गोष्टी सांगत होती, आणि समोरची माणसं मान हलवत ऐकून घेत होती. कुणी एका शब्दानं तिला उघडं पाडलं नव्हतं. तिला हसूही येईना आणि रागही येईना. इतकी वर्षं आपण या लोकांना सांभाळून घेतोय अशी तिची समजूत होती.

क्लिफर्ड हसायचा थांबला. बाहेर लिंबाच्या झाडाखाली त्याची रिकामी खुर्ची दिसत होती.

"आता मला काही कारण उरलं नाही," हिलरी म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मला जायचं नाहीये, क्लिफ. कुत्री होती म्हणून कुत्रीचं नाव घेतलं. मला त्या लाल दोरीच्या घरात राहायचं नाहीये."

"तेही माहीत आहे. मला तरी कुठं जायचंय?" त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "झटका आला त्या रात्री तू दवाखान्यातून घरी कपडे आणायला गेली होतीस. मला सांगायचं होतं, की हा हात माझा वाटत नाहीये. मला शब्दच येत नव्हते. मी बोट दाखवत होतो आणि ती नर्स पाणी आणत होती. गुणाची पोर. पुन्हा दाखवलं, पुन्हा पाणी. हिलरी, तू आधी गेलीस तर मी इथं पाणी पीत पीत मरेन. मला माझ्या भाषेत कण्हायचंय. एवढंच."

हे त्यानं यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. इतक्या महिन्यांत नाही. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"कुत्रीचं आधी का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस. मला नाही ऐकायचं नव्हतं. भ्यालो मी."

हिलरीनं त्याचा तो उजवा हात स्वतःच्या हातात घेतला. तो गार होता. काही वेळानं ती उठली आणि तिनं लॉरेनला फोन लावला. घर घेतलं म्हणून सांग, म्हणाली. आणि न्हाणीघरातले दांडे डाव्या बाजूला लागतील, तेही सांग.

पुढचे आठवडे सामानात गेले. ज्या वस्तू आधी गेलेल्या इंग्रजांनी यांच्या घरात सोडल्या होत्या, त्या आता यांनी मागं राहिलेल्यांच्या घरात सोडल्या. वाफाळ इस्त्री डॅफ्नीकडे गेली. ती मुळात डॅफ्नीच्याच बहिणीची होती. सुईची कल्पना बारगळली म्हणून डॅफ्नीला आनंद झाला, पण खरी गोष्ट ऐकल्यावर आश्रमातली आणखी किती कुत्री कुणाकुणाची असतील या विचारानं ती दोन दिवस अंथरुणाला खिळली. विजेची किटली हिलरीनं एलिसेओला दिली, सोबत चहाची दोन मोठी पाकिटं. किती पाणी, किती दूध, बशीत ओतून केवढं निवू द्यायचं, सगळं करून दाखवलं. एलिसेओनं आधी स्वतः एक घोट घेऊन बघितला आणि कुत्रीकडे फार दयेनं पाहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी ती बारमध्ये गेली. तिथली माणसं नेहमीसारखी बोलता बोलता थांबली. हिलरी भिंतीपाशी गेली, त्या पानाकडे बोट केलं, आणि तिच्या इंग्रजी धाटणीच्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "ही कनेला. एलिसेओची. मी चोरली." मग पाववाली हसली, तिच्यामागून सगळा बार. कुणीतरी तिच्यासमोर दारूचा पेला ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. एकोणीस वर्षांत त्या गावात तिला इतकं घरच्यासारखं कधी वाटलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठची गाडी ठरली होती. ती पेला संपवून घरी येईपर्यंत रडत आली.

त्या रात्री बिस्किट सोफ्याविना राहिलेल्या खोलीत क्लिफर्डच्या कोटावर झोपली. उजाडायच्या सुमारास हिलरी उठली तेव्हा कुत्री अंग ताणत दाराशी उभी होती. आज तरी तिला ठेवून घ्यावं, आठपर्यंत, तेवढाच निरोप, असं हिलरीच्या मनात आलं. अंगणात जाऊन तिनं एक फळी उचलली आणि कुंपणाच्या त्या फटीपाशी गेली. कुत्री मागोमाग आली आणि वाट बघत उभी राहिली. हिलरीनं तिचा फाटका कान बोटांत धरला, थोडा वेळ धरून ठेवला, मग फळी बाजूला टाकली. बिस्किट फटीतून निघून गेली. मागं वळून बघायची तिची कधीच पद्धत नव्हती.

टॅक्सी वेळेवर आली. डचांना किल्ल्या दिल्या, लिंबाच्या झाडाला पाणी किती घालायचं ते पुन्हा एकदा सांगितलं. गाडी गाव सोडून उतरणीला लागली. दुसऱ्या वळणावर क्लिफर्डनं चालकाच्या खांद्याला हात लावला आणि गाडी थांबली.

वर बदामाच्या पायऱ्यांवर एलिसेओ काठी घेऊन उभा होता. त्याच्या पुढं तीन कुत्री झुडपांतून पसरत चालली होती, नाकं जमिनीला लावून. तिघींत म्हातारी कोण ते इतक्या लांबून कळलं नसतं. पट्टा लाल होता म्हणून कळलं. ती सगळ्यांच्या पुढं होती.

क्लिफर्डनं काच खाली केली.

"हाक मारू का?" त्यानं विचारलं.

हिलरीचे डोळे भरले होते. तिनं मान हलवली.

"नको," ती म्हणाली. "कामावर आहे ती."